एक बदाम, साठ माणसं: डिसेंबर प्रश्नमंजुषेच्या प्रकल्प नोंदी

१ डिसेंबर २०२५, सोमवार

एच.आर.च्या मॅडमनी सकाळीच बोलावून सांगितलं, १९ तारखेच्या स्नेहमेळाव्यातली प्रश्नमंजुषा यंदा तुझ्याकडे. विषयही वरून ठरून आलेले: नाताळच्या प्रथा, बर्फावरचे खेळ आणि आपली कंपनी. मधला विषय ओस्लोच्या ग्राहकामुळे. त्यांची चार माणसं व्हिडिओवर सामील होणार आहेत. फेब्रुवारीत मिलान-कोर्टिनाला हिवाळी ऑलिंपिक आहे, तेव्हा तिकडे सध्या दुसरा विषयच नाही म्हणे. नागपुरात बर्फ म्हणजे उसाच्या रसातला. आमचा हिवाळी खेळ एकच, शेकोटीभोवती बसून गैरहजर माणसाची उणीदुणी काढणं.

माणसं: मी, टेस्टिंगमधली ताई, एक इंटर्न. बजेट १२,००० रुपये, जेवण वेगळं.

गेल्या वर्षीची प्रश्नमंजुषा मी खुर्चीत बसून पाहिली होती. नेटवरून उतरवलेले चाळीस प्रश्न, त्यांची उत्तरं डेव्हलपमेंटमधल्या त्याच तीन पोरांनी दिली आणि बाकीचे चिवडा खात बसले. म्हणून या वेळची अट आधीच लिहून ठेवते: उत्तर माहीत नसलं तरी ज्यावर माणसाला भांडता येतं, तोच प्रश्न ठेवायचा.

३ डिसेंबर, बुधवार

पहिले तीस प्रश्न तयार. डब्याच्या सुट्टीत तिघांवर चाचणी: अकाउंट्सचे काका, सेल्समधला एक भाऊ आणि कॅन्टीनच्या ताई.

"पहिलं हिवाळी ऑलिंपिक कुठे झालं?" तिघंही गप्प. उत्तर शामोनी, फ्रान्स, १९२४. ज्याला ठाऊक त्याला ठाऊक, बाकीच्यांनी भात कालवावा. बाद.

"कर्लिंगचा दगड किती जड असतो?" हाही पडणारच होता, कारण कर्लिंग म्हणजे काय तेच कुणाला माहीत नाही. मग मोबाइलवर अर्धा मिनिट दाखवलं. एक जण गुळगुळीत गोल दगड बर्फावरून सोडतो आणि दोघं त्याच्यापुढे झाडू घासत पळतात. कॅन्टीनच्या ताई हातातलं पातेलं तसंच घेऊन बघायला आल्या. मी पर्याय दिले: भरलेला कुकर, भरलेला गॅस सिलिंडर, की ऑफिसात येतो तो पाण्याचा वीस लिटरचा जार? आता मात्र तिघंही हातघाईवर. काकांचं मत सिलिंडर, कारण "थंड देशातली माणसं, दणकट असतात." सिलिंडर भरलेला असला की तीस किलोच्या घरात जातो. उत्तर जार. नियमाप्रमाणे दगड साधारण १७ ते २० किलोंमधला लागतो, आणि ऑलिंपिकमधले दगड स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग बेटावरच्या ग्रॅनाइटचे असतात.

झाडू कशाला, हे ताईंनी विचारलं. बर्फावर आधी पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात, ते गोठून दाणे तयार होतात. झाडू जोरात घासला की दाण्यांचा माथा किंचित तापतो, घर्षण कमी होतं आणि दगड लांब आणि सरळ जातो. सेल्सभाऊ म्हणाला, "म्हणजे दगड सोडून दिला तरी मागेमागे पळावं लागतं. फॉलो-अपच झाला ना हा." प्रश्न पक्का.

५ डिसेंबर, शुक्रवार

नाताळची फेरी. टेस्टिंगमधली ताई ख्रिस्ती आहे, राहायला सदरला. तिने यादी घेतली आणि सॉफ्टवेअरमधले बग काढावेत तसे एकेक काढत गेली.

पहिला बग माझ्या अभिमानाचा होता. "सांताला लाल कोट कोकाकोलाने दिला" हे मी खरं म्हणून लिहिलं होतं. त्या कंपनीच्या सांताच्या प्रसिद्ध जाहिराती १९३१ पासूनच्या. लाल कपड्यांतला सांता त्याआधीच छापील चित्रांत फिरत होता. प्रश्न ठेवला, पण "खरं की खोटं" मध्ये. माझ्यासारखे फसलेले बरेच निघतील.

दुसरा बग मोठा. चौदा प्रश्न, आणि सगळे झाड, रेनडिअर, धुराडं, मिसलटोची डहाळी. ती म्हणाली, "यात आमच्या घरचा नाताळ कुठाय गं? मिसलटो माझ्या आजीने जन्मात पाहिला नाही." तिच्याकडे डिसेंबरच्या मध्यापासून करंज्या, चकल्या, अनारसे. दिवाळीला शेजारून आलेली ताटं त्यांना आता भरून परत करायची असतात, त्यामुळे घाणा मोठा. पोरं गव्हाणीचा देखावा मांडतात, चोवीसच्या रात्री चर्च, आणि गाण्यांत ना. वा. टिळकांची पदं. टिळक काही काळ नागपुरात होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांची गाठ पडली, त्याने बायबल वाचायला दिलं, आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मी रोज सदरवरून येते-जाते. यातलं काही माहीत नव्हतं.

सहा प्रश्न काढले, सहा घातले. त्यातला एक: "नाताळ हा शब्द आला कुठून?" पोर्तुगीज 'नाताल'वरून, अर्थ जन्माशी निगडित. इंटर्नने मात्र "ना-ताल, म्हणजे ज्यात ताल नाही ते" अशी व्युत्पत्ती जागच्या जागी पाडली. ती चुकीचा पर्याय म्हणून घेतली आहे.

दुसरा: "हिस्लॉप कोण?" आमच्याकडे हिस्लॉप कॉलेजात शिकलेले चिक्कार. त्यातल्या दोघांनी "जुने प्रिन्सिपल असतील" असं ठोकून दिलं. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी, १८४५ मध्ये नागपूरला आले, आणि इथल्या दगडांचा, जीवाश्मांचा अभ्यास केला. हिस्लोपाइट नावाचं खनिज त्यांच्याच नावावरून.

८ डिसेंबर, सोमवार

विधिमंडळाच्या अधिवेशनाचा बंदोबस्त. पाऊण तास उशिरा पोचले.

बर्फाच्या फेरीत मोठी चूक इंटर्नने पकडली. माझ्या उत्तरपत्रिकेत ल्यूज आणि स्केलेटन उलटे झाले होते. दोन्हीत माणूस घसरगाडीवर पडून बर्फाच्या नळीतून खाली येतो. ल्यूजमध्ये उताणा, पाय पुढे. स्केलेटनमध्ये पालथा, डोकं पुढे. हे नॉर्वेवाल्यांसमोर गेलं असतं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागलं असतं. लक्षात ठेवायला इंटर्नने सूत्र काढलंय: ल्यूज म्हणजे दुपारची वामकुक्षी, स्केलेटन म्हणजे जिन्यावरून पडणं.

या फेरीत काय ठेवावं याचा विचार करताना लक्षात आलं की पदकं मोजण्यात आपल्याला काही मिळणार नाही. २०२२ ला बीजिंगमध्ये एकट्या नॉर्वेने १६ सुवर्णपदकं नेली आणि भारताचा एकच खेळाडू होता, काश्मीरचा स्कीपटू आरिफ खान. मग ज्यांच्याकडे बर्फाची सोय नव्हती अशांवरच अर्धी फेरी रचली. १९८८ च्या कॅलगरीत जमैकाचा बॉबस्ले, म्हणजे बर्फावरच्या बंदिस्त घसरगाडीचा, संघ उतरला, गाडी उलटली, आणि चौघं तिच्याबरोबर चालत शेवटच्या रेषेपर्यंत आले. आणि आपला शिवा केशवन. मनालीजवळचा, ल्यूजमध्ये १९९८ ते २०१८ सलग सहा हिवाळी ऑलिंपिक खेळलेला. देशात ट्रॅक नाही, म्हणून घसरगाडीला चाकं लावून हिमालयातल्या डांबरी घाटांत सराव करायचा.

त्याच्यावरचा प्रश्न: "सरावात त्याला वाट काढावी लागे ती कशातून? दरड, ट्रक आणि बकऱ्या, की टोलनाका?" आमची कंपनी ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी बिल्टीचं, म्हणजे ट्रकने पाठवलेल्या मालाच्या पावतीचं, सॉफ्टवेअर करते. ट्रक आणि बकऱ्यांवर इथे प्रत्येकाचं मत आहे.

१० डिसेंबर, बुधवार

ओस्लोशी कॉल, इथले साडेचार, तिथले दुपारचे बारा. भेटवस्तू ते चोवीसच्या संध्याकाळीच उघडतात, पंचवीसची वाट बघत नाहीत. ओस्लो शहर दर वर्षी लंडनच्या ट्रफाल्गर चौकाला नाताळचं झाड पाठवतं, १९४७ पासून, दुसऱ्या महायुद्धातल्या मदतीची आठवण म्हणून. हा प्रश्न त्यांनी स्वतःच सुचवला. त्यांना उत्तर माहीत असणार, पण चार मार्क पाहुण्यांना द्यायला हरकत नाही.

खरा माल मिळाला तो लापशीचा. दुधात शिजवलेला भात, वर साखर, दालचिनी, लोणी. पातेल्यात एकच सोललेला बदाम टाकतात. ज्याच्या वाडग्यात निघेल त्याला बक्षीस, बहुतेकदा बदामाच्या गोळ्याचं डुक्कर. शिवाय याच लापशीचा एक वाडगा गोठ्यात ठेवायचा, तिथल्या 'निस्से'साठी. हा लाल टोपीतला बुटका म्हातारा गुराढोरांची राखण करतो, आणि त्याला विसरलात तर खोड्या काढतो.

मी म्हटलं, खीर आम्हीही करू.

११ डिसेंबर, गुरुवार

कॅन्टीनच्या ताईंना बदामाचं सांगितलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मॅडम, साठ माणसांत एक बदाम? लोकं काय म्हनतीन मले? म्हनतीन, ताईनं बदाम घरी नेले."

खूप समजावलं. निस्सेची गोष्ट मात्र एका वाक्यात पटली. "म्हंजे आमच्या वावरातला मुंजा. त्यालेही निवद नाही दाखवला तं काही खरं नाही." शेवटी तोड निघाली: खिरीत काजू-चारोळी भरपूर, बदाम एकच, आणि पातेल्याजवळ पाटी लावायची की बदाम मुद्दाम एकच आहे. पाटीवर मोठ्या अक्षरात "मुद्दाम".

बक्षिसाला डुक्कर नको, असं एच.आर.चं म्हणणं. इंटर्नने घरून तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी आणायचं कबूल केलंय. लहान होता तेव्हाचा आहे, एक शिंग जरा उडालेलं.

१५ डिसेंबर, सोमवार

कंपनीची फेरी. ही सगळ्यात सोपी जाईल असं वाटलं होतं, आणि इथेच चार दिवस अडकलोय. स्थापना कधी, कर्मचारी किती, घोषवाक्य काय, हे प्रश्न वेबसाइटवरून उचलता येतात आणि ऐकणाऱ्याला झोप येते. मला हवं होतं ते रोज डोळ्यांसमोर असून कुणी न विचारलेलं. शुक्रवारी इंटर्नला सांगितलं, तू नवा आहेस, तुला इथे काय विचित्र वाटतं ते लिही. त्याने अकरा गोष्टी लिहून आणल्या. त्यातल्या तीन सोनं निघाल्या.

एक, मोठ्या मीटिंग रूमला सगळे "गोदाम" का म्हणतात? दोन, आमच्या प्रणालीत कुठल्याही नव्या ग्राहकाचा बिल्टी नंबर १००१ पासूनच का सुरू होतो, १ पासून का नाही? तीन, टेस्ट डेटामध्ये सगळीकडे एमएच ३१ चा तोच एक ट्रक का?

उत्तरं शोधायला निघाले. डेव्हलपर म्हणाले, पहिल्यापासून तसंच आहे. प्रॉडक्टवाल्यांनी १००१ चं "डेटाबेसचं कारण असेल" असं सांगितलं. साहेब दौऱ्यावर. शेवटी संध्याकाळी गेटवरच्या सिक्युरिटीच्या मामांना सहज विचारलं, कारण ते सुरुवातीपासून आहेत एवढं ऐकून होते.

मामांनी खुर्ची पुढे ओढली.

"वाडीले गोदाम होतं आपलं. अर्ध्यात दुसऱ्याच्या सिमेंटच्या गोण्या, अर्ध्यात आपले दोन कम्प्युटर. मी तिथं हमाली करत होतो. मीटिंग म्हंजे गोण्यांवर बसाचं. पहिला गिऱ्हाईक आला तो ट्रान्सपोर्टवाला म्हने, एक नंबरची बिल्टी पार्टीले दाखवली तं पार्टी म्हनन हा धंद्यात कालच आला. हजार बिल्ट्या फाडून झाल्या असं दिसू द्या. तवापासून एक हजार एक."

आणि ट्रक? मामा हसायलाच लागले. तो ट्रक नाहीच. साहेबांच्या जुन्या स्कूटरचा नंबर आहे तो. पहिल्या डेमोला कुठला तरी गाडी नंबर टाकायचा होता, खिडकीतून जी दिसली तिचा टाकला.

म्हणजे गेली तीन वर्षं ओस्लोची माणसं डेमोमध्ये एका स्कूटरवर नऊ टन संत्री लादलेली बघतायत.

परत वर आले आणि आमंत्रितांची यादी उघडली. मामा त्यात नाहीत. हाउसकीपिंगच्या मावशी नाहीत, कॅन्टीनच्या ताई नाहीत, दोन्ही ड्रायव्हर नाहीत. सगळे कंत्राटातले. एच.आर.ना विचारलं तर म्हणाल्या, यादी पगारपत्रकावरून निघते, कुणी मुद्दाम वगळलेलं नाही. मी म्हटलं, मग कंपनीच्या फेरीची उत्तरपत्रिका गेटवर बसलेली असेल आणि वर साठ माणसं अंदाज करत बसतील. त्यांनी जरा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग सात नावं वाढवली. गेटवर आलटून पालटून बसायची सोय मामांनी स्वतःच लावली.

१६ डिसेंबर, मंगळवार

ऑफिसातल्या कर्लिंगची चाचणी. दगड म्हणून सपाट बुडाचा स्टीलचा डबा, आत चार किलो तांदूळ. फरशीवर खडूने तीन वर्तुळं. पहिल्या प्रयत्नात मी फरशी ओली करून घेतली, बर्फासारखी होईल म्हणून. डबा दोन हात जाऊन चिकटला.

मावशी बाजूला पोछा घेऊन उभ्या होत्या. "ओल्या फरशीवर नाही सरकत जी ते. सुकू द्या, अन् खाली कापड लावा." डब्याच्या बुडाला जुन्या ब्लँकेटचा गोल तुकडा शिवून लावला. डबा थेट रिसेप्शनपर्यंत. कुंडीला पोचा आला नाही, डब्याला आला.

१८ डिसेंबर, गुरुवार

पहाटे कळमन्याला जाऊन आंबिया बहाराची संत्री आणली. बोचरी थंडी, तोंडातून वाफा. कारण असं: संत निकोलसने एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी गुपचूप सोनं टाकलं, ते वाळत घातलेल्या मोज्यांत पडलं अशी कथा आहे. त्या सोन्याची खूण म्हणून कितीतरी देशांत मोज्याच्या टोकाशी संत्रं ठेवतात. नागपुरात नाताळचं याहून घरचं काही मला सुचलं नाही. बर्डीच्या फूटपाथवरून मोजे, ६७ जोड.

संत्र्यांचं बिल मिळालं नाही. मिळत नसतं. व्हाउचर भरून काकांकडे दिलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

चार वाजता सुरुवात. आठ संघ चिठ्ठ्या टाकून, म्हणजे डेव्हलपमेंटची तिन्ही पोरं तीन वेगळ्या संघांत.

जारचा प्रश्न अपेक्षेप्रमाणे पेटला. एका संघाने खरोखर जार उचलून पाहिला, पाणी सांडलं. कोकाकोलाला आठपैकी सात संघ फसले. ट्रफाल्गरचं झाड ओस्लोवाल्यांना आलं, पण ल्यूज-स्केलेटनला त्यांच्यातल्याच एकाने घाईत उलट उत्तर दिलं, तेव्हा इकडून ज्या टाळ्या पडल्या त्या कुठल्याच बरोबर उत्तराला पडल्या नाहीत. ३.५ अंश हा आकडा कशाचा, या प्रश्नाला त्यांनी "नागपूरच्या फ्रिजचा" म्हटलं. २९ डिसेंबर २०१८ चं नागपूरचं किमान तापमान आहे ते. "छान हवा," म्हणाले.

कंपनीच्या फेरीत १००१ चा प्रश्न आला आणि सात संघ डेटाबेसवर वाद घालत होते. मामांचा संघ शांत. मामांनी उभं राहून सगळं सांगितलं, गोण्या, हमाली, पार्टी, सगळं. दौऱ्यावरून आलेले साहेब मागे उभे होते, ते पुढे येऊन त्यांच्या शेजारी बसले आणि गोण्या सिमेंटच्या नव्हत्या, चुन्याच्या होत्या, यावर दोघांची जुंपली. मार्क द्यायचे की नाही हे कळेना, दिले. स्कूटरचं भाषांतर करून सांगितल्यावर ओस्लोकडून बराच वेळ नुसतं हसणं ऐकू येत होतं.

कर्लिंग मावशींनी जिंकलं. तिन्ही डबे आतल्या वर्तुळात. त्यांच्यापुढे झाडू घासायला दोन सीनियर मॅनेजर.

बदाम निघालाच नाही. खीर संपली, पातेलं खरवडलं, ओस्लोवाले दर पाच मिनिटांनी विचारतायत, आणि सदुसष्ट माणसं एकमेकांच्या वाट्यांत बघतायत. कॅन्टीनच्या ताई शपथेवर सांगत होत्या की टाकलाय. मागून कुणीतरी "ताईंनी घरी नेला" म्हणालंच. नंदी कपाटात ठेवला.

२२ डिसेंबर, सोमवार

सकाळी संत्र्यांच्या व्हाउचरसाठी अकाउंट्सच्या काकांकडे गेले. पक्क्या बिलाशिवाय नाही, म्हणाले. मग कार्यक्रम छान झाला, खीरही छान होती, फक्त ताईंना सांग तांदूळ नीट निवडायला, त्या दिवशी दाताखाली एवढा मोठा खडा आला.

मी विचारलं, खडा पांढरा होता का?

"हो. गोड खीर, लोकांसमोर काय बोलायचं. कागदात गुंडाळून खिशात टाकला." कोटाच्या खिशातून पुडी निघाली. आत बदाम, एका बाजूने दाताची खूण असलेला.

कॅन्टीनच्या ताईंना बोलावून दाखवला. त्यांनी तो सगळ्या मजल्यावर फिरवला. ओस्लोला फोटो गेला.

२४ डिसेंबर, बुधवार

टेस्टिंगच्या ताईने करंज्या आणल्या. उद्या सुट्टी.

शिल्लक: मोजे ३ जोड, खडू, पोचा आलेला डबा. प्रश्नसंच आणि चुकांची यादी पुढच्या वर्षीसाठी सामायिक फोल्डरमध्ये टाकली.

नंदी काकांना रीतसर दिला. त्यांनी उडालेलं शिंग भिंतीकडे करून तो टेबलावर ठेवला, माझ्या संत्र्यांच्या व्हाउचरवर, वाऱ्याने उडू नये म्हणून. व्हाउचर अजून मंजूर नाही.